दहा किलोमीटर वरचं वादळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण त्या दिवशी मी घाबरलो होतो, ते अगदी मनापासून.

माझी पुतणी पुण्याला हवामानाचं शिकते. दिवाळीला आमच्या पुलगावजवळच्या गावी आली, तेव्हा माझ्या मोबाइलवर तिनं वाऱ्याचा नकाशा टाकून दिला. आकाशात लहानमोठे भोवरे फिरतात, लहान भोवरा मोठ्याजवळ गेला की ताणला जातो आणि मोठा त्याला गिळून आणखी बळकट होतो, असं तिनं समजावलं. मला फक्त गिळणं लक्षात राहिलं.

होळीच्या आधीची दुपार. नकाशा उघडला तर बरोबर वर्ध्याच्या डोक्यावर अजस्र भोवरा! कडेला दोन पिल्लं. बोटानं पुढचे तास सरकवले, तर दोन्ही पिल्लं मोठ्याच्या पोटात. वाऱ्याचा वेग बघितला आणि मी चप्पल न घालताच अंगणात धावलो.

बाहेर कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. म्हणजे वादळ दबा धरून बसलंय, नाही का? मागच्या वर्षी शेजारच्या देवरावच्या गोठ्याच्या छपराची टिनं उडून नाल्यापलीकडे सापडली होती. आणि आमच्या गोठ्याच्या टिनाखाली बायकोची गाय कपिला, आठ दिवसांवर व्यायला आलेली. टिन तिच्यावर पडलं तर?

टिन उडू नये म्हणून आमच्याकडे वर दगड ठेवतात. एरवी चार-पाच पुरतात. मी देवरावला हाक मारली आणि दोघांनी बांधावरचे दगड संपवले. मग पाटा चढवला. मग जातं.

"काऊन जी, पान तं हालून नाई राह्यलं," बायको खालून म्हणाली.

"पान हालंल तवा तू बी उडशीन!"

ती गुपचूप कपिलेला सोडून कडुनिंबाखाली घेऊन गेली. मला बरं वाटलं. निदान एकाला तरी माझं पटलं होतं.

देवराव आणि मी खाली उतरलो. वादळ किती वाजता येणार, हे विचारायला मी पुतणीला फोन लावला. नकाशाच्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते तिनं मला वाचायला लावलं.

"काका, तुमच्या बोटानं नकाशाची उंची बदलली. भोवरे खरे आहेत, पण ते दहा किलोमीटर वर, विमानं उडतात तिथं. खाली आज काईच नाई."

फोन कानालाच होता, तेवढ्यात मागे कडाड् आवाज झाला. वळून बघतो तर अख्खा गोठा जात्यासकट जमिनीवर. वारा शून्य.

"बरं झालं, तू माह्यं ऐकलं," मी बायकोला म्हणालो.

"म्या कपिला वाऱ्याच्या भेवानं नाई सोडली," ती म्हणाली. "तुमच्या दगडायच्या भेवानं सोडली."

नवा गोठा उभा राहिलाय. पण मी नुसता आभाळाकडे बघितलं, तरी ती आधी गाय बाहेर काढते.