माझ्या आवाजातली अमेरिकन बाई

विमानतळावर आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. सांगायचं ते सगळं तिने बाबांना सांगितलं. मी हातभर अंतरावर उभी, बाबा आमच्या दोघींच्या मधे ट्रॉली धरून, आणि आई म्हणतेय, "अहो, तिला विचारा, स्वेटर मोठ्या बॅगेत तळाला का कोंबलाय? तिकडे जूनमध्ये थंडी असते." बाबा माझ्याकडे वळले, "स्वेटर..." मी म्हटलं, "तिला सांगा, मला ऐकू येतं." बाबा परत तिकडे वळले, "तिला ऐकू येतं." त्यांनी जन्मभर पोस्टात नोकरी केली होती. रिटायर झाल्यावरही टपाल पोचवायचं काम काही सुटलं नव्हतं.

अबोला म्हणजे न बोलणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या ठाण्याच्या घरी दोन दिवस राहून पाहावं. अबोल्यात माणूस नेहमीपेक्षा जास्त बोलतं, फक्त तिसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून. माझा स्टुडंट व्हिसा आला त्या संध्याकाळी आईने अबोला धरला. त्या वर्षी आमच्या सोसायटीतून चार मुलं ऑस्ट्रेलियाला निघाली होती. चौकातल्या एजंटच्या दुकानावर कांगारूचा बोर्ड लागला होता. त्या चौघांच्या आया पेढे वाटत होत्या आणि माझी आई बाबांना म्हणत होती, "तिला म्हणावं, हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागणं म्हणतात याला."

हातचं म्हणजे माझा आवाज. मी डबिंग करायचे. दुपारी तीन वाजता एका हिंदी वाहिनीवर एक अमेरिकन मालिका लागायची, घोड्यांचे तबेले असलेल्या एका गर्भश्रीमंत घराण्याची. त्या घराची मालकीण म्हणजे एक अर्क होती. तीन नवऱ्यांना पुरून उरलेली, सुनांना चहाच्या कपातून विष पाजल्यासारखी बोलणारी. तिचं हिंदी बोलणं, हसणं, खोकणं आणि रडणं सहा वर्षं माझं होतं. माझं नाव कधी पडद्यावर आलं नाही. तिला आम्ही घरात 'तुझी बाई', 'माझी बाई' असंच म्हणायचो.

ती साकारणाऱ्या नटीला मी जन्मात भेटले नाही, पण तिच्या नवऱ्यांपेक्षा मी तिला जास्त ओळखत असेन. कानात तिचा मूळ आवाज, समोर तिचे ओठ, आणि ते मिटतात तिथे माझे मिटले पाहिजेत, हे माझं काम. ती मक्याच्या शेतांमधल्या कुठल्याशा गावची, पेट्रोल पंपवाल्याची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी शहरात आली, टूथपेस्टच्या जाहिरातीत हसली, दहा वर्षं इस्पितळांच्या मालिकांमध्ये नर्स होऊन ट्रे धरून उभी राहिली, आणि मग एकदम मालकीण झाली. हे मासिकांत यायचं. मासिकांत न आलेलं मला कळायचं. तिने दात नवे बसवले ते मला ओठांवरून कळलं, आणि तिसऱ्या घटस्फोटाच्या वेळी ती वाक्याच्या मधेच श्वास घ्यायला लागली. एकदा निर्मात्यांशी तिचं बिनसलं, तर त्यांनी तिला सरळ कोमात घातलं. तीन आठवडे मी माइकसमोर उभी राहून नुसते श्वास घेत होते. पुढे ती रुसून सिनेमात गेली. दोन सिनेमे आपटले आणि ती मालिकेत परत आली, स्वतःचीच जुळी बहीण बनून!

सुरुवातीला आईला हे काम अजिबात आवडलं नव्हतं. "तोंड भाड्याने देणं" म्हणायची. पण हळूहळू तिसऱ्या मजल्यावरच्या बायका तीन वाजता आमच्याकडे जमायला लागल्या. बाई सुनेला झापायला लागली की त्या आईकडे बघायच्या, आणि आई पदर सावरून बसायची. आयुष्यात कधी कुणाला उलटून न बोललेली माझी आई! मी नोकरी सोडली तेव्हा मी तिचं काय काढून घेतलं, ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तरी मी गेलेच असते, हेही खरं सांगते.

मेलबर्नबद्दल गोड बोलणाऱ्यांनी इथून पुढे वाचू नये. आमचं कॉलेज एका कबाबच्या दुकानाच्या वर होतं, दोन खोल्या आणि एक फोटोकॉपी मशीन. राहायला शहराच्या टोकाला ट्रुगानिनाला, नव्या वस्तीत, जिथे रस्ते होते पण बस नव्हती. घरमालक पुण्याचा. पहिल्या दिवशी म्हणाला, "आपलीच माणसं आहात, ॲडजस्ट करा, नो वरीज," आणि तीन खोल्यांत आम्हाला आठ जणांना भरलं. परक्याने छळलं तर निदान शिव्या घालता येतात. या माणसाकडे आम्हाला गणपतीच्या आरतीला जावं लागायचं.

त्या काळात आपल्या मुलांना स्टेशनांवर मार बसत होता. सगळे सांगायचे, ट्रेनमध्ये मोठ्याने हिंदी-मराठी बोलू नका. एका दुपारी डब्यात एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि घरी परत जा म्हणून ओरडायला लागला. डब्यात दहा-बारा माणसं होती. सगळ्यांना एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. माझं स्वतःचं इंग्रजी तेव्हा घशात अडकायचं. पण बाईचं इंग्रजी सहा वर्षं माझ्या कानात वाजत होतं. मी मान वर केली आणि तिच्या सुरात, तिच्या अमेरिकन उच्चारात म्हटलं, "यू आर स्टँडिंग इन माय लाइट. मूव्ह." तो गोंधळला. मग मला अमेरिकन समजून "ब्लडी यांक" असं पुटपुटत पुढच्या डब्यात गेला. मी हसले नाही. मला दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडाने वाचावं लागलं याची लाज वाटत होती.

शिफ्टला मी एका वृद्धाश्रमात जायचे. आंघोळी घालायच्या, कपडे बदलायचे, भरवायचं. तिथल्या हॉलमध्ये एका दुपारी मी ट्रे घेऊन थबकले. टीव्हीवर माझी बाई! मूळ आवाजात. डॉरीन नावाची एक खाष्ट म्हातारी तिची भक्त होती. "लव्ह, टेलीसमोरून हल," म्हणाली. मी हलले, पण बघत राहिले, आणि लक्षात आलं, इथली मालिका भारतापेक्षा चार-पाच वर्षं पुढे आहे. पुढच्याच महिन्यात बाईला जिन्यावरून पाडलं आणि पुरलं. डॉरीन म्हणाली, नटीचं वय झालं म्हणून काढून टाकलं तिला. या खेपेला जुळी बहीण आली नाही. काही महिन्यांनी मी तिला शॉपिंग चॅनलवर पाहिलं, खोट्या मोत्यांच्या माळा विकत होती. आवाज बसला होता, पण श्वास अजून वाक्याच्या मधेच घेत होती.

दर रविवारी मी घरी फोन करायचे. फोन बाबा घ्यायचे, स्पीकर लावायचे आणि टपाल सुरू व्हायचं. "तिला सांगा, नवीन मुलगी डबिंगला आलीय, ती नुसती किंचाळते." "तिला सांगा, मला काय त्याचं." "तिला सांगा, तिची बाईसुद्धा गेली होती सिनेमात मिरवायला, आली ना परत?" हे शेवटचं ती दर महिन्याला एकदा तरी ऐकवायची. एका रविवारी माझं डोकं फिरलं. कॉलेजला टाळं लागलं होतं, व्हिसाचे नियम बदलले होते, पुढे काय होणार कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तिला सांगा, ती बाई मरणार आहे. जिन्यावरून पडून. आणि परत येणार नाही." दुखवायलाच बोलले. स्पीकर त्या दिवशी बंद होता. बाबा मागे वळून आईला म्हणाले, "ती म्हणतेय, तब्येत सांभाळ."

मी तात्पुरत्या व्हिसावर अडकलेली असताना बाबा गेले. सकाळी चहा पिताना, पाच मिनिटांत. मला शेजारच्यांनी कळवलं. व्हिसामुळे मला जाता आलं नाही असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. ते अर्धंच खरं आहे. जाऊन परत यायला वेगळी परवानगी काढावी लागली असती, आठवडा गेला असता. पण तेराव्यापर्यंत मी पोचले असते. मी अर्ज भरला आणि पाठवला नाही. त्या घरात जाऊन मी उभी राहिले असते, तर आता माझ्याशी बोलणार कोण होतं? आई भिंतीकडे बघत बसली असती आणि मधे कुणी नसतं. ते चित्र मला डोळ्यांसमोर आणवेना. म्हणून बापाला न बघता मी शिफ्टला गेले.

पुढच्या रविवारी मी फोन लावला. आईने उचलला, पण काही बोलली नाही. मी पण नाही. मागे टीव्ही चालू होता. मालिकेचे आठवड्याचे भाग रविवारी लागोपाठ दाखवायचे. बाई नव्या मुलीच्या आवाजात किंचाळत होती. मग आईचा आवाज आला, तोंड फोनपासून लांब केलेलं: "ए बाई, तिला सांग, अस्थी नाशिकला नेल्या. पुतण्याने नेल्या, पोटच्या पोरीला वेळ नव्हता." ती टीव्हीशी बोलत होती. काय म्हणावं माझ्या आईला! मी ट्रुगानिनातल्या माझ्या खोलीत उभी होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "बाई, तिला सांग, मला कळलं."

मग हे असंच चालू राहिलं. दोन वर्षं. गॅसचा नंबर, आईच्या गुडघ्यांचं दुखणं, माझी नवी नोकरी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं आम्ही त्या अमेरिकन बाईच्या मार्फत एकमेकींना सांगितलं. चिडून मी एकदोनदा फोन आपटलासुद्धा. ज्यांच्या आया व्हिडिओ कॉलवर 'बाळा, बाळा' करतात, त्यांना यातलं काही कळणार नाही. मला मात्र एवढंच हवं होतं की तिने एकदा, एकदाच, माझ्याशी बोलावं. शिव्या दिल्या तरी चालतील.

माझी पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, आली त्या आठवड्यात मालिका भारतात त्या जिन्यापर्यंत पोचली होती. मला ते माहीत नव्हतं. रविवारी फोन लावला. आईने पहिल्याच रिंगला उचलला. टीव्ही बंद होता.

"तुला माहीत होतं?" आई म्हणाली.

सहा वर्षांत पहिल्यांदा. मला क्षणभर कळेचना, ती कुणाशी बोलतेय.

"आई?"

"ती बाई मेली. जिन्यावरून पडली. तुझ्याकडे आधी दाखवतात ना सगळं? तुला माहीत होतं की नाही?"

"होतं. बाबांना सांगितलं होतं मी."

"ते नाही बोलले," ती म्हणाली. मग, "आता परत येणार का ती? जुळी-बिळी होऊन?"

"नाही. तिला काढलंय."

"आणि तू?"

मी घाबरत म्हटलं, "मला पीआर मिळाली, आई. राहायला नाही येणार मी. भेटायला येईन."

मग आईने तोंड सोडलं. मी ते सगळं इथे लिहिणार नाही. सहा वर्षांचं साठलेलं होतं, आणि माझ्या आईला इतके शब्द येतात हे मला माहीत नव्हतं. बाबा शेवटचा चहा पिताना काय म्हणाले, तेराव्याला लोक काय म्हणाले, कोण दारापर्यंत येऊन परत गेलं. माझ्या तोंडून आवाज फुटेना, तशी ती आणखी भडकली. "बोल ना आता! का नाही आलीस? इतकी वर्षं दुसरीच्या तोंडाने बोलत होतीस, आता स्वतःच्या तोंडाने बोल."

मी बोलले. "व्हिसा-बिसा काही नाही, आई. अर्ज भरून ठेवला होता, पाठवला नाही. मला तुझी भीती वाटली."

मला वाटलं, झालं, परत अबोला. या खेपेला मरेपर्यंत.

"वाटायलाच हवी," आई म्हणाली.

आता आम्ही दर रविवारी भांडतो. थेट. घर कुठलं असं इथली पोरं मला विचारतात, नवी आलेली, रडवेली. मी त्यांना आईच्या हातच्या भाजी-भाकरीचं वगैरे काही सांगत नाही. ठाण्याला राहायला मला जायचं नाही आणि ट्रुगानिनावर माझा जीव जडलेला नाही. जिथे जाऊन मला अजून जाब द्यायचाय ते माझं घर, आणि तो मागणारं माणूस तिथे आहे तोवरच ते आहे. या डिसेंबरात तीन आठवडे जातेय. आईने बजावलंय, आल्याबरोबर गळ्यात-बिळ्यात पडायचं नाही. आधी समोर बसून सगळं ऐकून घ्यायचं, मग चहा. मी म्हटलं, चालेल.