तुरटी, सोडा आणि आप्पांचा प्रश्न

हे सगळं जसंच्या तसं घडलं होतं का, याची खात्री मला देता येणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी वाचलेली पानं मला अजून आठवतात, पण परवा कोण काय बोललं ते आठवत नाही. शिवाय किस्से कुणी ठरवून जमवत नाही. खिशात सुपारीचा चुरा साठावा तसे ते साठतात आणि खिसा उलटा केल्यावरच कळतं, बाप रे, एवढे! माझा खिसा आता उलटा झाला आहे. क्रम चुकला तर सांभाळून घ्या.

आम्ही चौघे. बेळगावात खासबागेकडच्या एका मैदानावर संध्याकाळी बाकावर बसायचो. देसाई वकील, शहापुरात साड्यांचं दुकान असलेले श्रीपादशेठ, निपाणीची तंबाखूची वखार बंद करून मुलाकडे राहायला आलेले आप्पा, आणि मी. मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. नावामागे डॉक्टर लागतं, म्हणून लोक मला प्रश्न विचारतात. तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

*

आप्पांच्या बायकोला, म्हणजे आमच्या आक्कांना, काखेजवळ गाठ आली. तपासणीत नको तेच निघालं. ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या आठवड्यात आप्पा बाकावर आले आणि सदऱ्याच्या आतून त्यांनी एक स्प्रेची बाटली काढली. घाम येऊ नये म्हणून काखेत मारतात, तसली.

"सर, तुम्ही केमिस्ट्रीतले. ह्यावरचं बारीक वाचा."

मी भिंग काढून वाचलं.

"ह्यात अॅल्युमिनियम हाय का?"

"त्याचा क्षार आहे, आप्पा."

"नातू मोबाइलवर दाखवत हुता. ह्यानंच गाठ हुते म्हणं."

मी सांगितलं, की असं बोललं जातं, पण ते सिद्ध झालेलं नाही. आप्पांनी फक्त पहिला अर्धा भाग ऐकला.

देसाई वकिलांना वातावरण हलकं करायची वाईट खोड. ते म्हणाले, "मग घरातली पातेली बी फेकून द्या की आप्पा! ती सुद्धा अॅल्युमिनियमचीच!"

दुसऱ्या दिवशी आप्पांची सून शारदा भाजी आणायला जाताना मैदानावर थांबली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चढलेला होता. "काका, काल कोण काय बोललं मामंजींना? भंगारवाल्याला बोलवून सगळी भांडी दिली! कुकर बी गेला! डाळ कशात शिजवू?"

वकील बाकाखाली वाकून चपलेचा पट्टा शोधायला लागले!

*

मग आप्पांनी आम्हाला शपथ घातली. यातलं आक्कांच्या कानावर काही जाता कामा नये.

"मी आणून दिलेली बाटली हाय ती. लग्न झाल्यापास्नं तिला हौसेनं काय दिलं नव्हतं. वखारीतनं घरी आलो की तंबाखूचा वास घेऊनच यायचो, तिनं जन्मभर सोसला. म्हटलं, म्हातारपणी तरी बरा वास येऊ दे घरात. हिला लई आवडली. महिन्याला एक संपायची, की मी दुसरी आणायचो. आता तिला कळलं, की माझ्या हौसेनं हे झालं, तर काय वाटंल?"

श्रीपादशेठ म्हणाले, की आपण सगळेच असलं काही लावायचं सोडू. आप्पांना एकटं वाटायला नको.

वकील म्हणाले, "मी जन्मात लावलं न्हाय. मी काय सोडू?"

"तुम्ही आधी लावायला लागा, वकीलसाहेब," शेठ म्हणाले, "चार दिवस लावा, मग सोडा. तेवढेच चार दिवस आमचे बरे जातील!"

आप्पा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा!

*

स्प्रेऐवजी आक्कांसाठी नैसर्गिक उपाय शोधायचं काम माझ्याकडे आलं, पण माझ्या आधी श्रीपादशेठच तुरटीचा खडा घेऊन आले. न्हावी दाढीनंतर फिरवतो तोच. आंघोळ झाली की ओल्या काखेत फिरवायचा, घामाचा वास बंद! शेठच्या आजोबांपासून चालत आलेला उपाय. स्वच्छ, देशी, पांढराशुभ्र. मी स्वतः "उत्तम!" म्हणालो. आप्पांनी आक्कांना सांगितलं, की दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच लावायला सांगितलंय.

दोनतीन आठवडे सगळं छान चाललं. एके दिवशी सकाळी मी दाढी करताना तोच खडा गालावर फिरवत होतो आणि हात तिथंच थांबला.

तुरटी! पोटॅशियम अॅल्युमिनियम सल्फेट!

ज्याच्या भीतीनं आप्पांनी कुकर भंगारात दिला, तेच अॅल्युमिनियम मी रोज सकाळी आक्कांना लावायला सांगत होतो. नोकरीभर मी हे सूत्र दरवर्षी फळ्यावर लिहिलं होतं. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. फक्त जागेपणी आठवलं नाही.

संध्याकाळी मी सांगून टाकलं. आप्पांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही.

"पण आप्पा, त्यानं अपाय होतो असं सिद्धच नाही. म्हणजे त्या स्प्रेनंही नाही, आणि यानंही..."

"सर," वकील हळूच म्हणाले, "आयुष्यभर फळ्यावर लिहिलंत ते खरं, पण तास संपला की फळा पुसत बी हुता!"

*

तुरटी गेली, सोडा आला. खाण्याचा सोडा. कुणाच्या तरी पुतणीनं पाठवलेला उपाय. आक्कांवर आता कुठलाही प्रयोग करायचा नाही, आधी आपल्यावर, असं ठरलं. वकिलांनी छाती पुढे काढली. "माझ्यावर करा!"

त्यांनी सोडा पाण्यात कालवून काखेत असा काही थापला, की तिसऱ्या दिवशी कातडी लालभडक. हात खाली आणता येईनात. नेमकं त्या दिवशी चिकोडीला लग्न. वकील दोन्ही हात अंगापासून लांब धरून मांडवात शिरले.

समोर उभे होते चिकोडीचेच एक वकील. एका जुन्या खटल्यावरून दोघांचं इतकं बिनसलेलं, की कोर्टाच्या जिन्यावर समोरासमोर आले तर एक जण मागे फिरायचा. त्यांनी पाहिलं, देसाई दोन्ही हात पसरून आपल्याकडेच येताहेत. त्यांना भरून आलं. "देसाई! शेवटी आलास रं!" म्हणत त्यांनी कडकडून मिठी मारली.

देसाई मोठ्यांदा ओरडले. ते आनंदानं ओरडले असं समजून मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या!

"लई मन लावून भांडण जपलेलं, सर," दुसऱ्या दिवशी वकील सांगत होते. "सोड्याच्या एका चमच्यात घालवलं!"

*

श्रीपादशेठनी खोबरेल तेलात कापूर घालून पाहिला. वासाला बरं, कातडीला बरं. पण एप्रिलचं ऊन, आणि शेठचं काम साडी झटकून गिऱ्हाइकासमोर पसरायचं. तेल कोपरापर्यंत उतरलं. एका नवऱ्या मुलीच्या आईनं इरकलीचा पदर उचलून उन्हात धरला आणि विचारलं, "शेठ, हे नक्षीकाम नवीन निघालंय काय?"

त्या दिवसापासून शेठच्या बायकोनं त्यांना गादीवरून उठवलं. ते दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि लांबूनच लाकडी पट्टीनं साड्या दाखवायचे. "ती वरची. न्हाय, त्याच्या शेजारची." रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, भूगोलाचा तास चाललाय!

*

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसतही होतो. पण तिकडे आक्कांचं दुखणं पुढे सरकतच होतं.

शेवटी शेवटी आम्ही चौघे त्यांच्या खोलीत गेलो. मेमधली दुपार, चौघांपैकी कुणी काही लावलेलं नाही. आक्का उशीला टेकून बसल्या होत्या, अगदी एवढ्याशा झालेल्या. त्यांनी एकदा श्वास घेतला आणि सुनेला हाक मारली, "शारदा, खिडकी उघड गं! म्हातारे आलेत!"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकलेले. त्या डॉक्टरला विचारा की जरा. मध्येच म्हणतोय तुरटी लावा, मध्येच म्हणतोय नको. हे सांगत येतात आणि मी आपली व्हय म्हणते. ह्यांना बरं वाटतंय तर लावते. मला काय, आता वास आला काय न आला काय."

आप्पा भिंतीकडे बघत होते.

बाहेर ओट्यावर त्यांनी माझा दंड धरला. "सर, आता खरं सांगा. माझ्या बाटलीनं झालं का?"

"आप्पा, आजवर तरी तसा पुरावा नाही."

"म्हंजे न्हाय?"

"म्हणजे... पुरावा नाही, एवढंच म्हणता येतं. शास्त्रात एखादी गोष्ट अजिबात नाहीच, असं छातीठोक..."

"व्हय म्हणा, न्हायतर न्हाय म्हणा. एवढं शिकलाय तुम्ही."

मी "नाही" म्हणालो. पण मला वाटतं, थोडा उशिरा म्हणालो. ते त्यांनी ऐकलं की तो उशीर ऐकला, मला अजून ठरवता येत नाही.

*

आक्का गेल्या. आप्पा बाकावर यायचे, पण बोलायचे कमी. अधूनमधून तोच प्रश्न. मी आता झटकन "नाही" म्हणायला शिकलो होतो. ते मान हलवायचे. मला बरं वाटावं म्हणून हलवत असावेत.

एकदा वकिलांनी त्यांच्या भाषेत समजूत घातली. "आप्पा, जन्म तंबाखूच्या वखारीत काढलात. घरात शिरायचं तर वीस जागेनं शिरलं असतं दुखणं. तुम्ही त्या एका बाटलीलाच का धरून बसलाय?"

आप्पा म्हणाले, "वखार पोटासाठी हुती, वकीलसाहेब. बाटली मी हौसेनं दिली."



पुढच्या पावसाळ्यात आप्पा निपाणीला परत गेले, आणि तिथंच वारले.

*

याला बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी निपाणीत त्यांच्या नातवाचं लग्न होतं, तेव्हा शारदा भेटली. जेवणं झाल्यावर पाहुणे मंडळी जुन्या गोष्टी काढून हसत होती. वकिलांच्या मिठीचा किस्सा मी सांगितला. भंगारात गेलेल्या कुकरचा तिनंच सांगितला. ती सासूला आत्ती म्हणायची. हसता हसता म्हणाली, "काका, आत्तींचा एक सांगू?"

"सांग की."

"मामंजी तो स्प्रे आणायचे बघा. आत्तींना त्याचा वास अजिबात सोसायचा न्हाय. डोकं उठायचं. पण तोंडावर लई भारी हाय म्हणायच्या. आणि मामंजी बाहेर पडले की बाटली घेऊन मोरीत! झुरळं मारायच्या त्यानं! फटाफट मरायची. महिन्याला एक बाटली संपवायच्या. संपली की मामंजी खूश, लगेच दुसरी!"

सगळे खो खो हसले.

मी विचारलं, "अंगाला कधीच नाही लावला?"

"एकदाबी न्हाय."

अशा बाबतीत माझा एका साक्षीवर भरवसा बसत नाही. आप्पांची धाकटी बहीण पलीकडच्या घोळक्यात बसली होती. तिच्याजवळ जाऊन मी तेच विचारलं. तीही आधी हसली. मग म्हणाली, "व्हय की हो सर. वहिनीनं एक मोरीतली बाटली मला पण दिलती. झुरळं लई झालती आमच्यात."