ग्राफिक्स कार्डातल्या अक्षता

मंडळी, "कार्ड गेलं, नवीन घे" असं ज्यांनी ज्यांनी न बघता सांगितलं, त्यांना कळवतो की कार्ड ठणठणीत आहे.

माझं ऑफिसचं काम घरच्याच कॉम्प्युटरवर चालतं. दसऱ्यापासून तो चालू केला की थोड्या वेळात स्क्रीन काळी पडायची. ड्रायव्हर बदलले, केबल बदलली, फरक शून्य. बुधवार पेठेत दुरुस्तीला नेण्याआधी आज ग्राफिक्स कार्ड एकदा काढून बघू म्हटलं.

स्क्रू काढत असतानाच फोनवर कंपनीचा मेल आला. आमची अ‍ॅनिमेशनची टीम बंद, माझी नोकरी आजपासून संपली. दोनदा वाचला. मग उरलेले स्क्रू काढले.

कार्डाच्या पंख्यात कुंकू लावलेल्या अक्षता अडकल्या होत्या. पंखा फिरत नव्हता, म्हणून कार्ड तापून बंद पडत होतं. दसऱ्याला मी कॅबिनेट उघडून, धूळ पुसून पाटावर आडवं ठेवलं होतं. पूजा आईने केली होती.

"आई, तू अक्षता मशीनच्या आत टाकल्या?"

"मग? बाहेरच्या पत्र्याची कसली पूजा करायची? काम तर आतलंच करतं ना? तुझी नोकरी टिकू दे म्हटलं आणि टाकल्या."

चिमट्याने दाणे काढले. कार्ड बसवलं. पंखा फिरला, स्क्रीन आली.

"बघ, झालं की नाही? बस आता कामाला."

बसलोय. कामाला बसल्यासारखा हे टाइप करतोय. आत्ताच ती चहा ठेवून गेली. मला त्रास नको म्हणून कपाचा आवाजही न करता.

तुमच्यापैकी कुणी घरी हे सांगितलंय का? सुरुवात कशी केलीत?