कुणाचेच नाव दिसत नाही

छत्तीसगडमधल्या रसमड्याच्या आमच्या कारखान्याची नवी ऑफिस इमारत सुरू झाली, त्या दिवशी भरल्या सभेत मी एक खोटे बोललो आणि पुढे दोन वर्षे ते जपले. "ॲपवर काय दाबले गेले ते मला दिसेल, कुणी दाबले ते दिसणार नाही," असे मी सांगितले. माझ्या संगणकावर प्रत्येक नोंदीपुढे नाव येत होते.

इमारतीची वीज आणि वातानुकूलन यांची जबाबदारी माझ्याकडे होती. भिंतींवर तापमान मोजणारे सेन्सर होते, कर्मचाऱ्यांच्या फोनवर ॲप होते आणि ॲपवर तीन बटणे: गरम, ठीक, थंड. लोकांनी आपल्याला कसे वाटते ते सांगायचे, यंत्रणेने त्याप्रमाणे गारवा कमीजास्त करायचा, आणि तरीही वीज वाचवायची. नावे झाकली तरच लोक मोकळेपणी सांगतील, हे मला ठाऊक होते. ती पाहिल्याशिवाय मात्र मला राहवले नाही.

सभेत शंका एकाच माणसाने काढली. ते डिस्पॅचचे, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागाचे, जुने कारकून; सगळे त्यांना काका म्हणत. मूळचे आमच्याच विदर्भाकडचे.

"साहेब, नाव खरंच नाही दिसत ना कोणाले?"

"नाही, काका."

"मग ठीक आहे. असं ॲप घरी पाहिजे होतं. तिथं मी गरम म्हटलं का बायको म्हणते, जा, अंगणात झोपा."

सगळे हसले. मीही हसलो.

मे महिन्यात डिस्पॅचच्या खोलीतून 'गरम'च्या नोंदी येऊ लागल्या. दुपारी दोन ते चार, दर काही मिनिटांनी, आणि प्रत्येकीपुढे काकांचेच नाव. खोलीतला सेन्सर सव्वीस दाखवत होता. मी सेन्सरवर विश्वास ठेवला. एकटा माणूस इतक्यांदा कशाला दाबेल? यांना यंत्रणाच बंद पाडायची आहे, की मला वरिष्ठांपुढे खाली पाहायला लावायचे आहे? काचेच्या दारातून मी त्यांच्यावर नजर ठेवू लागलो. ते फोन उचलत, दाबत, समोर कुणाकडे तरी बघून हसत. ते हसणे मला माझ्यावरचे वाटे.

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली दीक्षाभूमीवरून आणलेले पिंपळाचे पान होते. त्या पानाकडे पाहून एकदा माझ्या मनात आले, 'या लोकांची तक्रार कधी संपत नाही.' हे वाक्य मी कुणापुढे उच्चारले नाही. परंतु त्यांच्या बदलीच्या कागदावर सही करताना ते माझ्या मनात होते, हे मला आज लिहिलेच पाहिजे.

बदली काटाघरात झाली. काटाघर म्हणजे फाटकाजवळची पत्र्याची केबिन. तिथे ट्रकचे वजन होते.

"मले काट्यावर कावून, साहेब?"

"तिथे अनुभवी माणूस हवा."

त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि फोन खिशात ठेवला. "बरं," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर डिस्पॅचमधून एकही नोंद आली नाही. अहवालात ती खोली पूर्ण समाधानी ठरली. वरून शाबासकीही आली. नोंदी अशा एकाएकी थांबल्या, याचाच मग मला संशय आला, आणि एका दुपारी तीनच्या सुमारास मी आत गेलो. उन्हाने तापलेली पश्चिमेची काचेची भिंत हात लावू देत नव्हती. सेन्सर होता दाराशेजारी, पॅसेजमधून येणाऱ्या गार झुळुकीत. पावत्या तयार करणाऱ्या ठेक्यावरच्या चार बाया फायलींच्या पुठ्ठ्यांनी वारा घेत बसल्या होत्या.

"ॲपवर सांगत का नाही?" मी विचारले.

"हमारे फोन में कहाँ है, साहब?" एक म्हणाली. "काका ही दबाते थे. हम बोलते, काका, एक मेरा भी दबा दो."

"माह्यं दोनदा दाबत," दुसरी म्हणाली. "म्हणत, तू दोघींची जागा घेतं."

चौघी खळखळून हसल्या. मला हसता आले नाही. ठेक्याची माणसे सारखी बदलतात, असे कारण देऊन ॲपच्या यादीतून त्यांना मीच वगळले होते. पाच जणांचा उकाडा एका नावावर नोंदला जात होता.

सेन्सर मी दुसऱ्याच दिवशी हलवला. काकांना परत आणले नाही. आणले असते तर कारण सांगावे लागले असते. दोन उन्हाळे ते पत्र्याखाली बसले. फाटकातून जाताना ते नमस्कार करीत, आणि यांनी सगळ्यांना सांगितले असणार, असे मला दर वेळी वाटे. कँटीनमध्ये मी आल्यावर कुणी बोलता बोलता थांबले, तरी तेच वाटे. माझ्या स्वतःच्या फोनवर मी 'गरम' कधीच दाबले नाही. माझेही नाव वर कुणाला तरी दिसत असेल, ही भीती.

गेल्या महिन्यात काकांच्या निवृत्तीचा कागद माझ्या टेबलावर आला. निरोपाच्या सभेत त्यांच्याविषयी चार शब्द मीच बोलायचे होते. आदल्या दिवशी, भर दुपारी, मी काटाघरात गेलो. काट्यावर सळयांनी भरलेला ट्रेलर उभा होता, इंजिन चालू होते, आणि ड्रायव्हर खिडकीशी पावतीची वाट पाहत होता. मी सवयीने हळू आवाजात बोलायला सुरुवात केली.

काकांनी कानामागे हात धरला. "जोरानं बोला, साहेब. इथं सगळे ओरडूनच बोलून राहिले."

ड्रायव्हरनेही मान वळवली. मग मी आयुष्यात क्वचितच काढला असेल इतका मोठा आवाज काढला.

"काका, नाव दिसत होतं. मी खोटं बोललो होतो. तुमचं नाव पाहूनच तुम्हाला इथं पाठवलं. दुसरं कुणी असतं तर मी आधी विचारलं असतं. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. चूक कळली, तरी इथंच ठेवलं. खोटं सभेत बोललो होतो, उद्या सभेतच सांगेन. पण आधी तुम्हाला सांगतो, माझं चुकलं. मला माफ करा."