रीस्टार्टच्या आधी

आमच्या मुलुंडच्या ऑफिसात कॉम्प्युटर हँग झाला की भांडुपहून दुरुस्तीवाला पोरगा यायचा. कुणी घाईने पॉवरच्या बटणाकडे हात नेला की ओरडायचा, "थांब रे! सेव्ह केलंय का?" मग स्क्रीनवर अडकलेला मजकूर स्वल्पविरामासकट कागदावर उतरवायचा आणि त्यानंतरच कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबून मशीन रीस्टार्ट करायचा. "फोटो काढ ना यार," म्हटलं तरी ऐकायचा नाही. आम्ही हसायचो.

सोमवारी आमचे हेडक्लार्क टेबलावरच कोसळले. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा त्यांचा कॉम्प्युटर तसाच हँग होऊन पडला होता.

"आता काय उतरवतोस? मार रीस्टार्ट," मी म्हणालो.

त्याने ऐकलं नाही. सावकाश उतरवून घेतलं, कागदाची घडी माझ्या हातात दिली. "तुमच्या नावाने आहे, साहेब," म्हणाला आणि तिन्ही बटणं दाबली.

घडीत माझ्या नावाखाली एकच अर्धं वाक्य होतं : "छातीत दुखत असल्यामुळे आज लवकर घरी जाण्याची"

सोमवारी ते मला तोंडीच विचारायला आले होते. मान वर न करता मी म्हणालो होतो, "रीतसर अर्ज टाईप करून आणा."