आठ-त्रेचाळीस

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत हो. तीन जुन्या जीपवाल्यांना दर रविवारी चहा करून घाला, आपोआप साचतात. आमच्या चाकूरच्या शेतावर ही मैफल चार वर्षं भरून राहिलीय. लोक ऐकून हसतात. मला अजून संताप येतो, म्हणून सांगते.

जीप माझ्या सासऱ्यांची. आता चालवते मी. रोज सकाळी शिवारातल्या सहा घरांचं दूध कॅनमध्ये भरायचं, काळ्या चिखलातून ओढा पार करायचा आणि आठच्या आत रोडवरच्या दूध केंद्रावर पोचायचं. दोनदा उशीर झाला, तेव्हा केंद्रवाला तोंडावर बोलला, "ताई, तिसऱ्यांदा झालं की तुमच्या शिवाराचं दूध बंद!" सहा घरांच्या चुली त्या दुधावर पेटतात. आमचे हे जीप चालवतात फक्त रविवारी. डांबरावर. गॉगल घालून!

* * *

एकदा लातूर रोडवर ह्यांना कोंबड्यांच्या टेम्पोनं ओव्हरटेक केलं. क्लीनरनं वर हातही केला म्हणे! घरी आले ते तोंड पाडून. जेवायचं ताट सरकवलं. मला वाटलं, कुणी गेलं की काय!

"सत्तरच्या पुढं जाईना झालीय," हे म्हणाले. "लोक हसून राहिले."

"चिखलात तिला कुणी हसत न्हाई," मी म्हटलं. पण ऐकतंय कोण?

* * *

मग आले कुलकर्णी सर. नांदेडच्या विष्णुपुरीला राहतात, गणिताचे रिटायर्ड प्राध्यापक. दुधाचा हिशोब लिहायच्या माझ्या कॅलेंडरवर त्यांनी गणित मांडलं. "वहिनी, एक्सलमध्ये दोन दातेरी चाकं असतात. तुमच्या छोट्याला आठ दाते, मोठ्याला त्रेचाळीस. म्हणून ही ओढते भरपूर, पळत नाही. अकरा-सत्तेचाळीस बसवलं की बघा, नव्वद!"

नव्वदच्या खाली त्यांनी दोन रेघा मारल्या. माझं जून महिन्याचं दूध त्या रेघांखाली गेलं.

"आन् ओढ्यात काय होईल, सर?"

"ओढा मी धरलेला नाही," सर म्हणाले.

* * *

लातूरचा बालाजी तिसरा. हार्डवेअरचं दुकान आणि नवरदेवासारखी सजवलेली जीप. तो ह्यांना म्हणे, "अप्पा, एक्सल खोलताच कशाला? ओव्हरड्राईव्ह लावा! जादा गिअर. लिव्हर ओढला की इंजिन निवांत, गाडी सुसाट!" त्यानं स्वतःच्या जीपला जुना आणून बसवला होता. दाखवायला आम्हा सगळ्यांना घेऊन निघाला.

अहमदपूरच्या अलीकडं लिव्हर ओढला तो हातातच आला! गाडी त्याच गिअरात अडकली आणि चढावर दम सोडला. सगळे उतरले. नवी साडी नेसून मी जीप ढकलली! बालाजी काय म्हणाला असेल? "वहिनी, तो लिव्हर तेवढा नीट धरा, ओरिजनल हाय!"

असा फेकून मारावासा वाटला ना!

* * *

शेवटी अकरा-सत्तेचाळीसच ठरलं. नांदेडला युनूसभाईच्या गॅरेजात जीप नेली. मीही गेले. युनूसभाई हाडाचा कारागीर, त्यानं आधीच सांगितलं, "अप्पा, पीछे का बदले तो आगे का बी बदलना पडता. दोनों एकच होना."

"पुढच्या चाकांना कधी जोर लागतो?" ह्यांनी विचारलं.

"फोर-व्हील डाले तो. कीचड में."

"मग ऱ्हाऊ द्या. चिखलात कोण जातंय!"

मी तिथंच उभी होते. ह्यांच्या शेजारी. चार वर्षं रोज चिखलातून जाणारी बाई! युनूसभाईनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. येताना माझ्या मांडीवरची पिशवी लई जड होती. कुणी विचारलं नाही.

* * *

आठवडाभर उघडीप होती, ओढा फोर-व्हीलशिवाय पार झाला. शनिवारी ह्यांनी नव्वद गाठलं. पार्टी झाली, सगळे शेतावरच झोपले. रात्रभर पाऊस. सकाळी साडेसहाला मी सहा कॅन लादून निघाले. ओढ्याच्या तोंडाशी चाकं फिरायला लागली म्हणून फोर-व्हीलचा लिव्हर टाकला. मागची चाकं म्हणतात चल, पुढची म्हणतात थांब! गाडी थरथरत ओढ्यातल्या सिमेंटच्या फरशीवर चढली आणि खालून असा कडाका झाला, की माझ्या दातांत कळ गेली. जीप जागेवर.

तशीच चालत घरी आले. तिघांची पांघरुणं ओढली. "उठा! नव्वदवाले, उठा!"

ओढ्यावर नेऊन एकेकाच्या खांद्यावर वीस लिटरचा कॅन दिला. दोन खेपा. पहिल्या खेपेला सरांची चप्पल चिखलानं घेतली. दुसरीला बालाजी बसलाच. "वहिनी, जरा दम..."

"न्हाई! आठला बंद व्हतंय!"

आठला पाच कमी असताना शेवटचा कॅन केंद्रावर टेकला. केंद्रवाल्यानं दूध मापून घेतलं आणि कमरेपर्यंत काळे झालेले तिघं बघून विचारलं, "ताई, आज जीप न्हाई आणली?"

 ह्यांनी हात पुसून फोन काढला, स्पीकरवर टाकला. "युनूसभाई, ते जुनं आठ-त्रेचाळीस... भंगारात तर न्हाई ना टाकलं?"

"भंगार में? वो तो भाभी उसीच दिन थैली में डालके ले गए, अप्पा!"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी रिकामे कॅन गोळा केले आणि ह्यांच्या हातात दिले.