उशिराचा दंड

"झाला की राहिला? एक काय ते सांगा."

घरमालक जिन्यात उभं राहून मला विचारत होते. मी खालच्या पायरीवर. शेजारी माझी लेक, दुसरीतली, पाठीला दप्तर. वरच्या खोल्यांतली क्लासची पोरं उतरता उतरता थांबलेली.

मी एवढंच म्हणाले होते, "काका, पगार होऊन राहिला. झाला की भाडं देते."

आमच्या यवतमाळकडे याचा अर्थ, पगार होतो आहे. सदाशिव पेठेत त्याचा तमाशा झाला. काका निवृत्त शिक्षक. म्हणाले, "उशीर झाला की रोजचा दंड, करारात आहे. पैशासाठी नाही हो. तुम्हा लोकांना शिस्त लागावी म्हणून. आणि आधी नीट बोला. म्हणा, पगार होतो आहे."

मी म्हणाले. वर्गात उभं केलेल्या पोरीसारखी म्हणाले. पोरं हसली. दंडही भरला. काय करणार? करारावर सही माझीच. खोली हवी होती, केली सही. नवरा नाही. नव्या खोलीचं डिपॉझिट कुठून आणू?

मी ज्या दवाखान्यात काम करते, तिथले डॉक्टर दर महिन्याला पगार लांबवतात. "देतो हो, पळून चाललोय का?" म्हणतात. त्यांना कोण दंड लावतं? त्यांचा तो नुसता उशीर, माझी बेशिस्त. तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा जेवताना गावाहून आईचा फोन आला. मी म्हणाले, "जेवून राहिलो ना." लेकीनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"असं नको बोलू. वरचे घरमालक आजोबा दंड लावतील."

मी हातातला घास ताटात ठेवला. माझ्या आईची बोली, आणि माझ्याच पोरीला तिची भीती.

पुढच्या महिन्यात पगार पुन्हा लांबला. हातात आल्या आल्या भाडं घेऊन वर गेले. काकांनी मोजलं. "आणि दंड?"

"देणार नाही. माझा पगार उशिरा होतो, त्याचा दंड मला कोणी देत नाही."

"मग आपण खोली रिकामी करा." आवाज अगदी शांत.

तेव्हापासून खोली शोधते आहे. वारजे, बिबवेवाडी, सगळीकडे विचारून झालं. खोली मिळालेली नाही. वकील परवडत नाही. रोज भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण दंड देणार नाही. सामान बाहेर टाकायचं असेल तर काकांनी स्वतःच्या हातांनी टाकावं, सगळ्या जिन्यादेखत. मी एक भांडंसुद्धा उचलून देणार नाही.